भिंतीवरचा कोंबडा

खर्रर्र.

घर निपचित होतं. शेल्बीच्या नवऱ्याचा, कर्टिसचा, नुकताच डोळा लागला होता. बाहेरच्या खोलीतून टेप ओढल्याचा हा आवाज आला आणि शेल्बीच्या हातातला चमचा केळ्याच्या पुडिंगमध्येच थबकला. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. लग्न झाल्यापासून तिचा संसार ह्याच आवाजावर गावोगाव हलत आला होता.

"जोसी, काय चाललंय गं तिकडे?"

"सामान बांधतेय."

सहा वर्षांची जोसी जेवणाच्या टेबलाखाली बसून बुटांच्या एका जुन्या खोक्याला टेप गुंडाळत होती. बाकीच्या मुली घर-घर खेळत, ही सामान-सामान खेळायची. टेबलाच्या खालच्या अंगाला प्रत्येक बदलीत सामानवाल्यांनी डकवलेल्या रंगीत चिठ्ठ्या होत्या. पिवळी जॉर्जियाची, निळी टेक्सासची, केशरी कॅन्ससची. जोसीचं हेच आकाश. बापाची पलटण जिकडे, तिकडे बिऱ्हाड. प्रत्येक वेळी ती मैत्रिणीच्या गळ्यात पडून रडायची आणि शेल्बी तिला गाडीत बसवताना म्हणायची, "रडू नको राणी. पुढच्या गावात तुझी एक मैत्रीण वाट बघत बसलीय." आणि खरंच कुणीतरी भेटायचीच.

पण आता बदल्या संपल्या होत्या. कर्टिसचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, फौजेने त्याला मानाने निरोप दिला आणि दीड वर्षापूर्वी तिघं टेनेसीतल्या ह्या छावणीशेजारच्या गावात येऊन राहिले. त्याचा पहिला कृत्रिम पाय रोज कातडी सोलून काढायचा. दुसरा एका बाईंनी असा काही नेमका बसवून दिला की त्याच संध्याकाळी पठ्ठ्या स्वयंपाकघरात बायकोला धरून नाचला. तेव्हाच शेल्बीने मनाशी पक्कं केलं, शिकायचं तर हे, पाय बसवायचं. कॉलेजात नाव तिने आधी तीनदा घातलं होतं. तिन्ही वेळा परीक्षेआधी बदली आली होती.

गावातली माजी सैनिकांची संस्था दर वर्षी एका जखमी सैनिकाचा, नाहीतर त्याच्या घरच्या कुणाचा, कॉलेजचा सगळा खर्च उचलायची. मागच्या दोघांनी मधेच गाव सोडलं होतं. म्हणून यंदा संस्थेची माणसं घरी येऊन बघणार होती, उमेदवार टिकणारा आहे की नाही. आणि ती आज चार वाजता येणार होती.

शेल्बीने पुडिंग बाजूला ठेवलं आणि पाहुण्याच्या नजरेने आपली खोली बघितली. भिंती कोऱ्या करकरीत. एका कोपऱ्यात खोक्यांची उतरंड, दीड वर्षापासून टेपही न काढलेली.

"कर्टिस, ऊठ. हे बघून कुणालाही वाटेल आपण उद्या पळतोय."

कर्टिसने जांभई देत पाय चढवला. "पलंगाखाली सरकवू?"

"पलंगाखाली आधीच आहेत."

शेवटी सगळी खोकी न्हाणीघरातल्या टबात रचली आणि वरून पडदा ओढून घेतला. जोसीचं बुटांचं खोकं तेवढं राहिलं. ते ती कुणाला हात लावू देईना.

चारच्या ठोक्याला दोघं आले. संस्थेच्या प्रमुख ओडेसा ट्रिप, एका सार्जंटची विधवा, सत्तरीतल्या, पाठ अजून कवायतीसारखी ताठ. आणि तोफखान्यात उमर काढलेले ब्युफर्ड लाइल. तोफांनी त्यांचे दोन्ही कान ठेवून घेतले होते, त्यामुळे ते हवापाण्याचं बोलले तरी हुकूम सोडल्यासारखं वाटायचं. बर्फ घातलेल्या चहाचा पेला संपवून त्यांनी न्हाणीघर विचारलं. कर्टिसने बायकोकडे बघितलं, बायकोने छताकडे.

"तर पोरी," ओडेसाबाई म्हणाल्या, "शिक्षण चार वर्षांचं. तोवर इथून हलणार नाहीस ना?"

"नाही मॅम. हुकूम येईपर्यंत इथेच."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं.

"कसला हुकूम गं?" कर्टिसने कपाळाला हात लावला. "मला आता सरकार कुठे पाठवणार, नाचायला?"

"सवयीने गेलं तोंडातून," शेल्बी पुटपुटली. कानाच्या पाळ्या नुसत्या भाजत होत्या.

तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं आणि लाइलसाहेबांनी सगळ्या आळीला वर्दी दिली, "ओडेसा, ह्यांच्या टबात अख्खा ट्रक उभा आहे."

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेल्बीने हात मांडीवर ठेवले. "दीड वर्ष झालं, मॅम. उघडायला घेते आणि हात थांबतो. वाटतं, सगळं मांडून व्हायचा अवकाश, कुणीतरी दार वाजवून सांगेल, चला, निघा."

"आम्ही जरा ओसरीवर जाऊन येतो," म्हणून ओडेसाबाई उठल्या, लाइलसाहेब मागोमाग. जाळीचं दार लागलं. बाईंचा आवाज काही येत नव्हता. साहेबांचा शब्द न् शब्द येत होता.

"पोरगी गुणाची आहे. पण खोकी बघितलीस ना? ही तिसरीपण पळाली तर लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

मग बाई काहीतरी बोलत असाव्यात.

"काय? मोठ्याने बोल, कुजबुजतेस काय. टीव्हीचं खोकं? हो, बदलीसाठी जपलेलं असेल की तुझ्याही माळ्यावर. तुझ्या नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तो टीव्ही तर त्याच्याही आधी गेला."

शेल्बीने कर्टिसचा हात इतका आवळला होता की त्याची बोटं पांढरी पडली.

"हं. हे म्हणतेस ते खरं. ज्याला जायचं असतं तो खोकी लपवत नाही बसत. हातोडा? आहे ना गाडीत."

"त्या आजोबांना कुजबुजता येत नाही का?" टेबलाखालून जोसीने विचारलं.

"तोफखाना, बाळा," कर्टिस म्हणाला.

दोघं आत आले. ओडेसाबाईंच्या हातात हातोडा होता आणि ओठांत खिळा. तो काढून त्या म्हणाल्या, "हात थांबतो म्हणालीस ना? मग आज आम्ही आहोत बरोबर. एक खोकं आण, कुठलंही. आत जे निघेल ते भिंतीवर लागलं पाहिजे."

शेल्बीने टबातलं वरचंच खोकं आणलं. सुरी टेपवर ठेवली. हात थांबला. मग तिने डोळे मिटून सरळ ओढली.

जुन्या टॉवेलांच्या आत मोठी चौकट होती. त्यात लालभडक कोंबडा, मान वाकडी, एक डोळा बघणाऱ्यावर रोखलेला. कर्टिसच्या आईने लग्नात स्वतःच्या हाताने रंगवून दिलेला.

"हा तर हरवला होता," कर्टिस हळूच म्हणाला.

"हो का?"

"सामानवाल्यांनी हरवला म्हणालीस. आई दोन दिवस जेवली नव्हती, शेल्बी."

"कोंबडा आहे की गिधाड?" लाइलसाहेबांनी विचारलं. त्यावर आधी ओडेसाबाईच हसू लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "पोरी, शिष्यवृत्ती तुझी. पण हा कोंबडा चार वर्षं इथून हलता कामा नये. मी येऊन बघत जाईन."

"चार वर्षं हा?" शेल्बी एवढंच म्हणू शकली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि हसू काही आवरत नव्हतं.

खिळा तिनेच ठोकला. दोनदा वाकला, तिसऱ्यांदा बसला. कर्टिसने आईला फोन लावून कोंबडा सापडल्याचं आधी सांगितलं, शिष्यवृत्तीचं नंतर. पुडिंगचं वाडगं लाइलसाहेबांनी चाटूनपुसून साफ केलं.

पाहुणे गेले तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. दोघांनी एकामागून एक खोकी फोडली. ताटं निघाली, नाताळचे मोजे निघाले, दोघांनी मिळून शोधशोध शोधलेला वॉफलचा साचा निघाला. मग शेल्बी टेबलाखाली वाकली.

"जोसी, आता हेही उघडू या का?"

जोसीने खोकं छातीशी धरलं. "नाही. ह्यात अर्धा जांभळा खडू आहे आणि माझी चिमणीची क्लिप. पुढच्या गावातल्या मैत्रिणीसाठी."

"पण राणी, आता आपण कुठेच जाणार नाही."

जोसी बराच वेळ वरच्या रंगीत चिठ्ठ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, ती तर वाट बघत बसली असेल ना? तिला कोण सांगणार, आम्ही येत नाही म्हणून?"