दोन बोटं आत

आमंत्रणाचं पाकीट घेऊन धाकटी माझ्या शिलाईच्या खोलीत आली. "ताई, वाच," म्हणाली.

मी वाचलं. ज्या मोठ्या हॉटेलात तिने एकतीस वर्षं भांडी घासली, त्याला शंभर वर्षं झाली होती. जुन्या नोकरमाणसांनाही मोठ्या दालनातल्या मेजवानीला बोलावलं होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पायघोळ पोशाख आवश्यक.

"म्हणजे तुम्ही येऊ नका, असं लिहिलंय," मी म्हटलं.

"मी जाणार. एकतीस वर्षं मागच्या दाराने गेले. त्या लोकांना मी नुसती उष्ट्यावरून ओळखते. कोण अर्धं टाकतं, कोण हाडं चोखतं, कोण घरून भांडून आलंय, सगळं ताटात दिसतं. एकदा पुढच्या दाराने जाऊन त्यांची तोंडं तर बघू दे."

आम्हा दोघी बहिणींच्या घरात पायघोळ म्हणावा असा फक्त खिडकीचा पडदा होता. म्हणून भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानात गेलो. तिथलं काहीच परवडेना. शेवटी दुकानदाराने मागच्या कपाटातून गडद हिरवा मखमली झगा काढला आणि निम्म्याहून कमी भाडं सांगितलं.

"इतका स्वस्त कसा?" मी विचारलं.

"कपाटात राहिला की आंबतो. अंगावर असलेला बरा. ढिला वाटला तर खुशाल आत घ्या, पण पक्का टाका घाला. उसवायचा नाही. उसवलात तर अनामत विसरा."

मला खटकलं. भाड्याचा कपडा कच्च्या धाग्याने आत घ्यायचा आणि परत देताना धागा काढायचा, ही सगळीकडची रीत. हा उलटं सांगत होता. पण धाकटी आरशापुढे उभी होती. तिचा तसला चेहरा मी लहानपणानंतर पाहिला नव्हता. मी अनामत मोजून दिली.

लिहायला मी साठीनंतर शिकले. तोवर गिऱ्हाइकांची मापं दोरीत ठेवायचे. प्रत्येकीची एक दोरी आणि गाठी तीन : छाती, कंबर, उंची. त्या दोऱ्या अजून खिळ्यावर आहेत. धाकटीचीही आहे. तिची कंबर वीस वर्षांत गाठीपासून हललेली नाही.

झगा कमरेला दोन बोटं ढिला होता. आत घ्यायला मी तो उलटा केला. शिवणीत टाक्यांच्या ओळी होत्या, एकीच्या आत एक. उसवल्याचं भोक कुठेच नव्हतं. ओळी पुष्कळ, पण हात आठ. माणसाचा टाका त्याच्या अक्षरासारखा असतो, तो लपत नाही. आठ बायकांनी हा झगा आत घेतला होता आणि सैल कुणालाच करावा लागला नव्हता. एका जागी शिवण बोटांना खरबरीत लागली. रफू असेल, असं समजून मी त्यावरूनच टाका मारला.

तिसऱ्या दिवशी तिने तो घालून पाहिला, तर पुन्हा दोन बोटं ढिला.

"तुझं शिवणकाम म्हातारं झालं गं," धाकटी म्हणाली.

मी पुन्हा आत घेतला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. धाकटी मात्र खुशीत होती. घरभर फिरायची आणि म्हणायची, "पाय जमिनीला लागतायत असं वाटतच नाही बघ."

मेजवानीच्या दिवशी चार वाजता तिने झगा घातला. मी पाहिलं, पुन्हा ढिला. तो काढून तिने माझ्याकडे दिला आणि परकर-पोलक्यावर माझ्या मोडक्या खुर्चीत बसली. ती खुर्ची मांजर बसलं तरी कुरकुरते. त्या दिवशी तिने आवाजच केला नाही.

मी खिळ्यावरची दोरी काढली आणि तिच्या कमरेभोवती धरली. गाठ पार पुढे निघून गेली. माझ्या दोन्ही हातांची मिळून सहा बोटं मध्ये सहज मावली.

"उपास करतेस?"

"छे! दोन माणसांचं जेवतेय. ताई, पाच वाजायला आले, टाका घाल ना."

मी झगा उजेडात नेला. त्या खरबरीत जागी सुई शिरेना. माझा टाका बाजूला करून पाहिलं. रफू नव्हतंच. मखमलीच्याच रंगाच्या धाग्याने बारीक अक्षरं काढली होती. मी बोट ठेवत एकेक अक्षर लावलं.

"आत घेऊ नका. मी घेत गेले."

मी कात्री उचलली.

"काय करतेस!" धाकटी ओरडली. "अनामत गेली ना! अगं, मी जाऊ कशी?"

"ओरड नंतर. आधी बसून राहा."

माझ्या तीन ओळी उसवल्या आणि खुर्ची कुरकुरली. धाकटीने दोन्ही हात पोटावर ठेवले, जेवल्यावर ठेवतात तसे. मी थांबले नाही. परक्या ओळी उसवत गेले. प्रत्येक हाताची शेवटची ओळ सुटली की खोलीत एक वास यायचा. एकदा पावडरचा, एकदा औषधाचा, एकदा नुकत्याच धुतलेल्या केसांचा. आठ वेळा आला. आठव्यानंतर झगा एवढा झाला, की त्यात आम्ही दोघी मावलो असतो.

धाकटीने तो अंगावर चढवला आणि आरशात पाहिलं. "बुजगावणं," ती म्हणाली. रडेल असं वाटलं. मी तिचीच मापाची दोरी तिच्या कमरेला बांधली, गाठीवर गाठ.

"हा तुझा पट्टा. आता जा, आणि पुढच्या दाराने जा."

ती गेली. मागोमाग जाऊन हॉटेलसमोरच्या फुटपाथवरून मी पाहिलं. दारवानाने आधी दोरीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि दार उघडून धरलं.

दोन तासांनी ती बाहेर आली. मी विचारलं, "बघितलीस तोंडं?"

"लांबून. माझ्या टेबलावर कुणी बसलंच नाही गं. नऊ खुर्च्या, मी एकटी." ती चालायची थांबली. "पण ताई, वाढपी रिकाम्या खुर्च्यांपुढेही वाढत होता. आणि उचलायला आला तेव्हा ताटं रिकामी. चाटूनपुसून. पेल्यांच्या कडांना ओठांचे रंग, प्रत्येक वेगळा. एकतीस वर्षं उष्टी पाहिली मी. इतक्या भुकेल्या बायका कधी जेवून गेल्या नव्हत्या."

"तुझं ताट सोडून किती?"

"आठ."

मी तिच्या कमरेची दोरी चाचपली. गाठ गाठीवरच होती. सकाळी झगा परत करायचा होता. घरी पोचल्यावर मी हिरवा धागा ओवला आणि त्या अक्षरांच्या खाली, जमेल तितक्या ठळक टाक्यांत, माझं एक वाक्य घातलं : "उसवा. त्यांना जेवायला न्या."