थोरली आणि धाकटी

"पूर्वी एका फोटोला एक निगेटिव्ह पुरायची. आता फोटोला बी जुळं लागतंय," गणपतराव क्रांतीच्या कानामागंच पुटपुटले.

क्रांती टेबलाखाली नव्या कंप्युटरच्या पोटात हात घालून बसली होती. तोंडात स्क्रू होता. सासऱ्यांना उत्तर द्यायचं तर तो गिळावा लागला असता, म्हणून तिनं नुसती मान हलवली.

शाहूपुरीतला हा फोटो स्टुडिओ गणपतरावांनी काढलेला, आता त्यांची दोन मुलं चालवत होती. थोरला विजयसिंह, म्हणजे क्रांतीचा नवरा, फोटो काढायचा. धाकटा उदयसिंह व्हिडिओ बघायचा. अल्बम लावणं, गिऱ्हाइकाच्या आत्याच्या दोन हनुवट्या एकीवर आणणं आणि कंप्युटर रुसला की त्याची समजूत काढणं, ही कामं क्रांतीकडं. ती कुठं शिकायला गेली नव्हती. बिघडलेलं उघडायचं, लावायचं, आणि उरलेला स्क्रू कुठला ते शोधत बसायचं, असं करत करत आलं.

दिवाळीत जुन्या कंप्युटरची डिस्क बसली आणि शिरोळच्या एका लग्नातली सप्तपदी तिच्याबरोबर गेली. नवरीच्या बापानं स्टुडिओत उभं राहून जे शब्द वापरले, त्यातले काही गणपतरावांनाही नवे होते. म्हणून या खेपेला दोन एसएसडी आणल्या. फोटो साठवायच्या तळहाताएवढ्या, चपट्या डब्या. दोघींचा आरसा करायचा, म्हणजे एकीवर जे उतरेल ते त्याच वेळी दुसरीवरही उतरतं. एक मेली तरी दुसरीत सगळं शाबूत.

झाकण लावायच्या आधी गणपतरावांनी हळदकुंकू मागवलं. या घरात पूजा झाल्याशिवाय मिक्सरसुद्धा फिरत नसे. दोन्ही डब्यांवर कुंकवाचं एकेक बोट टेकवत ते म्हणाले, "ही थोरली, ही धाकटी."

क्रांतीला ते सोयीचं वाटलं. वायरी ओळखायला बरं, म्हणून तिनं मार्करनं तीच नावं लिहून टाकली. घरात आधीच एक थोरला आणि एक धाकटा आहे, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी विजयसिंह शर्टाची बटणं काढता काढता म्हणाला, "धाकटी काढली तर थोरली एकटी चालंल न्हवं?"

"चालंल की. जोडीदार कुठं गेली म्हणून कंप्युटर सारखं कुरकुरंल, पण चालंल."

"न्हाई, आपलं म्हाईत असावं."

सकाळी उदयसिंह स्टुडिओत आला. लेन्स पुसत पुसत म्हणाला, "वहिनी, समजा थोरली न्हाईच. मग धाकटीत सगळं असतंय?"

"सगळं."

"आपलं म्हाईत असलेलं बरं."

दुपारी वर्षाराणी, म्हणजे उदयसिंहाची बायको, मेथी निवडताना म्हणाली, "अक्का, ती डबी दुसऱ्या कंप्युटरला बसती का हो?"

"कुठली?"

"कुठली बी," वर्षाराणी म्हणाली आणि चांगली पानं देठांत टाकायला लागली.

गणपतरावांनी काहीच विचारलं नाही. क्रांतीला त्याचीच जास्त काळजी वाटली.

तिला समजत नव्हतं असं नाही. कागलला हायवेवर वर्षाराणीच्या भावाचा गाळा रिकामा होता, स्टुडिओ घालण्याएवढा. हे वर्षाराणी जेवताना एकदा बोलली, तेव्हा सगळ्यांना एकदमच पांढरा रस्सा परत घ्यावासा वाटला. दुसऱ्यांदा बोलली, तेव्हा विजयसिंहानं भात घेतला. भात तो कधी परत घेत नसे. पुढं विषय निघाला नाही. क्रांती लग्न होऊन आली तेव्हा उदयसिंह शाळेत जायचा. डब्यात भेंडी दिली की ती तशीच परत आणायचा आणि म्हणायचा, "वहिनी, मास्तरांनी खाऊ दिली न्हाई." एवढी वर्षं एका चुलीवर गेल्यावर नेमकं काय विचारायचं? विचारलं की उत्तर आलं असतं.

मुरगूडला मावसबहिणीच्या घराची वास्तुशांत होती. क्रांती तिकडं मुक्कामाला गेली. परत येऊन तिनं कंप्युटर चालू केला, तर पडद्यावर लाल अक्षरं. थोरली म्हणत होती, खरं माझ्याकडं. धाकटी म्हणत होती, खरं माझ्याकडं. आरसा काही लागेना.

तिनं दोघा भावांना समोर बसवलं.

"कुणी काय काढलंत?"



"मी नुस्तं बघितलं," उदयसिंह म्हणाला. "थोरलीची वायर काढली, धाकटीवर चालतंय का बघितलं. चाललं, तर म्हटलं हळदीचा व्हिडिओ बी उतरवून घेऊ. रात्री बंद करून वायर जोडली की."

"जोडून चालू केलंत?"

"न्हाई."

"सकाळी मी आलो," विजयसिंह म्हणाला. "मी बी नुस्तं बघितलं. धाकटीची वायर काढली. बारशाचं फोटो उतरवलं. जाताना जोडली."

"तुम्ही बी चालू केलं नसणार."

"म्हटलं, तू आल्यावर करशील."

क्रांतीनं कपाळाला हात लावला नाही, कारण हाताला धूळ होती. दोघांनी चोरून तेच केलं होतं, आणि दोघांनी चांगल्या माणसासारखी वायर परत जोडली होती; चालू तेवढं कुणी केलं नव्हतं, नाहीतर एकीचं दुसरीवर आपोआप उतरलं असतं. तिनं आधी हळद आणि बारसं, दोन्ही एका जुन्या डिस्कवर उतरवून घेतलं. फोटो, व्हिडिओ, सगळं वाचलं. उरला एकच प्रश्न. पुन्हा आरसा लावायचा तर एक खरी धरायची, आणि दुसरी पुसून तिच्यावर पहिलीचं सगळं चढवायचं.

"कुणाची ठेवू?"

"उदयची ठेव," विजयसिंह म्हणाला.

"न्हाई न्हाई, दादाची ठेवा," उदयसिंह म्हणाला.

"अरं तुझी ऱ्हाऊ दे की."

"तू थोरला हाईस."

गणपतराव दारातल्या खुर्चीवरनं म्हणाले, "दोन्ही ठिव, पोरी."

"दोन्ही ठेवायच्या तर आरसा मोडावा लागतोय, मामा. मग ह्या दोन वेगळ्या. हिचं तिला ठाऊक नसणार."

पडद्यावर प्रश्न येऊन थांबला होता. क्रांतीनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. वर्षाराणी चहाचा ट्रे घेऊन आली, सगळ्यांची तोंडं बघितली, आणि ट्रे धरूनच उभी राहिली. विजयसिंहानं कप उचलला आणि न पिताच परत ठेवला. रस्ता ओलांडून कुणीतरी पासपोर्ट फोटो काढायला आलं. गणपतरावांनी त्याला हातानंच सांगितलं, पावणं, जरा वेळानं या.

"सांगा," क्रांती म्हणाली. "मी माझ्या मनानं न्हाई दाबणार."

उदयसिंहानं भावाकडं बघितलं नाही, बापाकडंही नाही. भेंडीचा डबा परत आणल्यावर बघायचा तसं त्यानं तिच्याकडं बघितलं.

"मोडा, वहिनी," तो म्हणाला. "आम्हाला वेगळं व्हायचंय."