शेवटची ओळ

"शेवटची ओळ वाचा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पेंटरने उजवा डोळा तळहाताने झाकला, मान ताठ केली आणि घडाघडा म्हणून टाकलं, "न, र, ट, ग, ल, प, म."

"आणि तिच्या वरची?"

"क, व, स, ढ, त. त्यातला ढ जरा डावीकडे कललाय. तेवढं सोडलं तर बिनचूक."

ढ कललाय हे त्याला माहीत असणारच. बावीस वर्षांपूर्वी दवाखान्याचा तो तक्ता त्यानेच रंगवला होता. तेव्हापासून दरवर्षी तो स्वतःचीच अक्षरं म्हणून दाखवायचा आणि पहिल्या नंबराने पास व्हायचा. जुने डॉक्टर खूश, पेंटर त्याहून खूश. मधुमेहाला पंधरा वर्षं झाली होती. पण नजर शाबूत आहे म्हटल्यावर साखर आपलं काय वाकडं करणार, असं तो ऐटीत म्हणायचा.

यंदा मात्र पास होणं फार गरजेचं होतं. कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर नाव रंगवायचं काम चालून आलं होतं. एकेक अक्षर माणसाहून उंच! जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला असं काम एकदाच मिळतं. अट एकच: शिडी चढण्याआधी डोळे आणि हृदय ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. वयाने त्या पेंटरच्या मुलीएवढ्या. महिन्यापूर्वीच दवाखाना त्यांच्याकडे आला होता.

"काका, तो जुना तक्ता गेल्या आठवड्यात काढून नवा लावलाय. भिंतीला रंग दिला ना, तेव्हा."

"मग समोर काय लिहिलंय?"

"तेच तर विचारतेय."

मागे बसलेली बायको फिस्सकन हसली. मग नवऱ्याला खरोखरच काही दिसत नाहीये हे तिच्या लक्षात आलं आणि हसू तिथेच विरलं. ती उठून भिंतीपाशी गेली. तिथे एक छापील सूचना लावली होती.

"'मधुमेहात डोळ्यांना आणि हृदयाला धोका कोणाला जास्त?' ऐकताय ना? 'आजाराला बरीच वर्षं झालेल्यांना.'"

"पंधरा म्हणजे काही बरीच नव्हेत."

"'साखर आटोक्यात नसणाऱ्यांना.' चहात तीन चमचे."

"अडीच."

"'रक्तदाब असणाऱ्यांना.' गोळ्या ब्रशच्या डब्यात पडून असतात, मॅडम. त्या ब्रशांचा रक्तदाब अगदी छान आहे. पुढे, 'रक्तात चरबी वाढलेल्यांना. धूम्रपान करणाऱ्यांना.'"

"एखादी ओढतो."

"एखादं पाकीट! मॅडम, एवढं सगळं लिहिलंत, मग वर यांचा फोटोच का नाही छापलात?"

डॉक्टरबाईंनी डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या झाल्यावर यंत्राने आतले फोटो काढले आणि मोठ्या पडद्यावर दाखवले. नारिंगी गोल, त्यावर लाल ठिपके. पेंटर पडद्याला नाक लावून बघत राहिला.

"कुणीतरी ब्रश झटकलाय."

"रक्त झिरपलंय, काका. बारीक रक्तवाहिन्या न कापता बघता येतात, ती ही जागा. त्या इथे बिघडल्यात, तर हृदयाकडेही बघायला हवं. तिथेही साखर तीच, दाबही तोच."

"म्हणजे ओल," पेंटर हळूच म्हणाला. "वरून भिंत चकचकीत, आतून पोपडे सुटलेले."

"अगदी तसंच."

ओल आलेल्या भिंतीवर रंग चढवू नये, हे तो जन्मभर गिऱ्हाइकांना दटावून सांगत आला होता. त्यामुळे वाद घालायला जागाच उरली नाही.

"आणि दाखला?"

"नाही देता येणार. लेझरने आहे ते राखायचा प्रयत्न करू. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही."

घरी जाताना लांबवर टाकी दिसत होती.

"एवढाली अक्षरं मला दिसली असती गं."

"अक्षरं दिसली असती हो. शिडीची पायरी दिसली नसती."

टाकी दुसऱ्याच कुणीतरी रंगवली. पेंटरच्या डोळ्यांना लेझर झालं, हृदयाचा आलेख निघाला, गोळ्या ब्रशच्या डब्यातून पोटात जाऊ लागल्या. चहा बिनसाखरेचा झाला आणि रोज सकाळी त्याच्या तोंडाकडे बघून बायकोची करमणूक होऊ लागली. दोन महिन्यांनी तो आपणहून डॉक्टरबाईंना म्हणाला, "ती सूचना फार बारीक अक्षरात आहे. ज्याला तिची गरज, त्यालाच ती दिसत नाही. मी मोठी करून देतो."

दारासमोर पत्रा टेकवून, स्टुलावर बसून, वीतभर उंचीची अक्षरं त्याने चार दिवसांत रंगवली. राहिली ती कोपऱ्यातली सही. प्रत्येक पाटीवर तो केसाएवढ्या ब्रशने 'पेंटर' लिहायचा आणि खाली एक रेघ ओढायचा. त्याने ब्रश पत्र्याजवळ नेला, मागे घेतला. पुन्हा नेला. मग बायकोपुढे धरला.

"तू कर."

"मी? मला कुठे येतं?"

"बारीक आहे. मला दिसत नाही."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. बायकोने ब्रश घेतला. श्वास रोखून तिने अक्षरं काढली, रेघ ओढली.

"कशी आली?"

"वाकडी."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

"मग बरोबर आहे," पेंटर म्हणाला आणि तिच्या हातातून ब्रश घेऊन पुसू लागला.