दहा माणसांचं दान

शकुबाईचं दान परत करायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. वारूळवाडीत वर्गणी मागायला येणारी पोरं आधी तिच्या शिव्या खायची, मग चहा प्यायची आणि मागितल्याच्या दुप्पट घेऊन जायची. ऐकवल्याबिगर द्यायचं नाही, हा तिचा नेम.

एक दान मात्र ती न बोलता द्यायची. जुन्नरच्या जुन्या पेठेत बिन्यामीन गुरुजींच्या माडीवर यहुदी लोकांची प्रार्थनेची खोली होती. त्यांचं वर्ष भाद्रपदात सरतं. ते सरायच्या आत तिथल्या दिव्यासाठी खोबरेल तेलाचा डबा शकुबाईकडून जायचाच. गुरुजींची बायको हन्नाबाई दवाखान्यात नर्स होती. शकुबाईची चारही बाळंतपणं तिच्याच हातची. चौथं पोर आडवं आलं, ते तिनं रात्रभर खपून सरळ केलं. तेच पोर म्हणजे राजरत्न. आता टोमॅटोची पिकअप चालवायचा. "जन्मताना आडवा व्हता, अजून हाय," असं शकुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

हन्नाबाई गेल्या साली वारली. यंदा डबा घेऊन शकुबाई माडीवर गेली, तर गुरुजी एकटेच विझल्या दिव्याखाली बसलेले.

"डबा ठेवा बाई. पण दिवा लावून करायचं काय? गुरुवारी हन्नाला वर्ष होतंय. गेलेल्या माणसाच्या नावानं आम्ही कद्दीश म्हणतो, ती प्रार्थना. त्याला दहा पुरुष लागतात. नऊ असले तरी चालत नाही. वर्षभरात एकदाही दहा जमले नाहीत."

"दहाच?"

"दहाच."

"आन् तेवढ्यापायी डोळ्यात पाणी? माझ्या बांधावर दहा जण नुसती तंबाखू मळीत बसल्यात! किती वाजता पायजेत?"

"संध्याकाळी पाचला. पण शकुबाई, ते..."

शकुबाई तोवर जिना उतरून रस्त्याला लागली होती.

गुरुवारी सकाळी आठलाच पिकअप गुरुजींच्या दारात उभी. मागं क्रेटांऐवजी दहा माणसं. अंघोळी केलेली, नखं काढलेली, डोक्याला धुतलेल्या टोप्या. पेठेतले लोक दुकानं झाडायची सोडून बघायला लागले. शकुबाई एकेकाला खाली उतरवून मोजायला लागली, "लाभ, दोन, तीन, चार..."

"बाई, बाई! माणसं अशी मोजू नयेत. आमच्यात मोजत नाहीत," गुरुजी धावत खाली आले.

"म्हणून तर एक म्हनले न्हाई, लाभ म्हनले! घ्या ताब्यात. न पिणारी दहा गोळा करायला तीन वाड्या पालथ्या घातल्या. ह्यो सावळेराम पितो, पर त्याला सोमवारपास्नं गोठ्यात कोंडला व्हता."

"वैनी, म्हशीबरोबर," सावळेराम म्हणाला.

"म्हशीनं तक्रार केली न्हाई, तू का करतो? गुरुजी, पाचला अवकाश हाय, पर दुपारनंतर ही कोरी राहतील ह्याची खात्री न्हाई. आताच शिकवून ठिवा काय म्हणायचं ते."

गुरुजींना हसावं की रडावं कळेना. त्यांनी हात जोडले. "शकुबाई, ही माणसं लाखमोलाची आहेत. पण दहा लागतात ती आमच्यातली."

शकुबाईनं पदर खोचला.

"आमच्यातली म्हंजी? आमच्या हातचं तेल चालतं, आन् आमची माणसं न्हाई? असलं लई ऐकलं आमी, गुरुजी. आमच्या बापजाद्यांनी ह्याच्यापायी देव सोडला. तुमच्याकडं बी तेच निघालं का?"

गुरुजी पायरीवरच बसले. "तसं नाही हो. कलेक्टर आला तरी त्याला यात धरता येणार नाही, आणि आमच्यातला कुणी भीक मागत असला तरी तो धरावाच लागतो. उच्च-नीच नाही यात. तुमच्या घरी माणूस गेलं, तर मी खांदा देईन, रडेन. पण सुतक मला लागेल का?"

"खांदा कुणी बी देतंय. सुतक भाऊबंदालाच," शकुबाई म्हणाली. "छप्पन साली दीक्षा घेतली तवा आमी सुतक सोडलं, पर भाऊबंदकी काय सुटली न्हाई." मग आवाज चढवून, "तर मग तुमचे भाऊबंद मेले कुठं?"

"जुन्नरात आम्ही तिघं. ओतूरला दोघं, म्हातारे, एसटीत चढवत नाही त्यांना. मंचरला एक. पुण्यात तिघं, येतो म्हणतात आणि येत नाहीत. आणि घोडेगावला माझा चुलतभाऊ दाऊद."

"त्यो का येत न्हाई?"

"अकरा वर्षं बोलत नाही."

शकुबाई वळली. "ऐका रं! तुमी प्रार्थनेला चालत न्हाई, पर आणायला चालता. एकेकानं एकेक आणायचा, न्हाई म्हनला तर उचलून. उरल्यात त्यांनी माडी झाडा, नारळ खवा. राज्या, चल घोडेगावला. त्यो माझा."

घोडेगावात दाऊदचं पंपाच्या जळालेल्या मोटारी भरायचं दुकान होतं. ते उघडेस्तोवर दुपार टळली. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता त्यानं मान वर केली. "कोण आपण?"

"हन्नाबाईची बाळंतीण. उठा, दाऊदभाऊ."

"त्या घराची पायरी मी चढणार नाही. थोरल्या भावकीचा मान माझा. अन् बिन्यामीननं मलिद्याच्या ताटातनं सगळ्यांना पिवळीधमक केळी दिली, मला काळं! मुद्दाम."

"मलिदा म्हंजी?"

"गोड पोहे, खोबरं, फळं. आमचा प्रसाद."

"आतून कसं व्हतं?"

"काय?"

"केळं, दुसरं काय! सोलून बघितलं का?"

दाऊदचा हात थांबला. "नाही. तसंच ठेवून उठलो."

"अकरा वर्सं न सोललेलं केळं घेऊन बसलाय व्हय तुमी!" शकुबाई त्याच्याच स्टुलावर बसली. "त्या माउलीनं माझी चार लेकरं जगात आणली. आज तिला वरीस झालं, तिच्या प्रार्थनेला दहा माणसं घेऊन गेले, तर एकबी चाललं न्हाई. मी बाजारात उभी राहिले तरी मला तुमचं नातं इकत भेटायचं न्हाई. तुमाला फुकट भेटलं, ते केळ्यापायी टाकून दिलं. माझ्यापाशी असतं ना, सालीसकट खाल्लं असतं मी."

दाऊदनं तार खुंटीला लावली, हात रॉकेलनं पुसले आणि खिशातून घडी केलेली टोपी काढली. ती तिथं रोज असायची की आजच होती, हे शकुबाईनं विचारलं नाही.

पाचला दहा मिनिटं कमी असताना दाऊद जिना चढला. माडीवर बाकीचे जमले होते. ओतूरचे दोघे सावळेरामनं खरोखरच एकामागून एक पाठीवर आणले होते. गुरुजी दारात आले. दोघं चुलतभाऊ एकमेकांकडं बघत उभे राहिले.

"आत व्हा आधी, मग रडा," जिन्यावरून शकुबाई ओरडली. "पाच वाजाय आलं."

दिवा लागला. शकुबाई आणि तिची माणसं खाली ओट्यावर बसली. वरून दहा आवाज आले, त्यातला एक मधेच फुटला आणि बाकीच्या नऊंनी त्याला सांभाळून घेतलं. भाषा कळत नव्हती. मधेच हन्नाबाईचं नाव आलं, तेवढं कळलं. शकुबाईनं डोळ्याला पदर लावला आणि सावळेरामला म्हणाली, "बघतो काय? धूळ गेली."

मग दाऊद मलिद्याचं ताट घेऊन खाली आला. थोरल्या भावकीचा मान म्हणून गुरुजींनी आज वाढायचं काम त्याच्याकडं दिलं होतं. पोहे वाढत तो शेवटी शकुबाईपाशी आला. ताटात एकच केळं उरलं होतं. काळंठिक्कर.

दाऊद जागीच थिजला. दारातून गुरुजी बघत होते. ओट्यावरच्या दहाही जणांनी घास थांबवला. आता बाई काय बोलणार, ह्या धास्तीनं सावळेराम दोन हात मागं सरकला.

शकुबाईनं केळं घेतलं. सोललं. आतूनही काळंच होतं.

तिनं ते शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.

"आये," राजरत्न हळूच म्हणाला, "पार सडलेलं व्हतं की गं."

"गप," शकुबाई म्हणाली. "तुझं तू खा."