दोरा तोडायचा दात

"आंटीजी, सच बताइए, यह हुआ कैसे?" डॉक्टर कांचनने छोटा आरसा तोंडात सरकवत विचारलं.

तोंडात आरसा आणि डोळ्यांवर दिवा, अशा अवस्थेत माणसाने खरं तरी काय सांगावं आणि खोटं तरी काय! सरलाबाईंनी नुसतं "आँ" केलं. उत्तर दिलं ते शेजारी उभ्या असलेल्या लेकीने, ऋताने.

"धागा तोड़ती हैं, दाँत से. जब से मैं देख रही हूँ, तब से."

वरच्या पुढच्या दाताला खालच्या कडेवर चांगली खोल खाच पडली होती आणि शेजारच्या दाताचाही कोपरा उडाला होता. त्या खाचेत मशीनचा दोरा बरोब्बर बसला असता. बसतच होता, रोज शंभरदा.

सरलाबाई झाशीत ओरछा गेटच्या गल्लीत ब्लाउज शिवायच्या. नवरा बडा बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होता. तो गेला तेव्हा ऋता सहा वर्षांची. त्यानंतर घर चाललं ते मशीनवर. शिवताना दोन्ही हात कापडात गुंतलेले, दोरा तोडायला तिसरा हात आणायचा कुठून? ते काम दाताने केलं. बिचाऱ्याने कधी कुरकुर केली नाही, त्यामुळे सरलाबाईंचीही त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. फक्त परक्या माणसांत हसायची वेळ आली की हात आपोआप तोंडापुढे जायचा. गल्लीला त्याची सवय होती. झाशीत कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

घोटाळा झाला तो पुण्यात. ऋताचं पुण्याच्या सुजयशी जमलं आणि साखरपुडा तिकडेच झाला. विहीणबाई बकुळाताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. बोलणं कसं छापल्यासारखं! इकडे सरलाबाईंची मराठी म्हणजे निम्मी हिंदीत भिजलेली, त्यात हा दात. त्यांनी दोन दिवस तोंडावरचा पदर काढला नाही. जेवल्या त्याही मान खाली घालून. कुणी विनोद केला, सगळे खो खो हसले, या आपल्या गप्प. परतल्यावर आठवड्याने सुजयने ऋताला फोनवर विचारलं, "आई म्हणते, तुझ्या आईंना आमचं घर पसंत नाही का? नाइलाजाने हो म्हणाल्यात का?"

ते ऐकून सरलाबाईंचं मशीन थांबलं. ज्या माणसांनी हुंड्याचं नाव काढलं नाही, मानपानाची यादी दिली नाही, "मुलगी द्या, बाकी काही नको" एवढंच म्हटलं, त्या माणसांसाठी ही बाई रोज देवापुढे हात जोडत होती. आणि तिथे असा समज! एका दातापायी लेकीचं सासरी पाऊल पडायच्या आधीच अढी पडली.

"मग सांगून टाक ना त्यांना," ऋता म्हणाली.

"काय सांगू? दाताने दोरे तोडते, म्हणून? आणि त्याही मुख्याध्यापिकेला?"

लग्नाला तीन आठवडे होते. ऋता आईला धरून प्रेमनगरच्या दवाखान्यात घेऊन आली ती यासाठी.

डॉक्टर कांचनने दोन नमुने पुढ्यात ठेवले. दाताच्या दर्शनी भागावर पातळ पापुद्रा चिकटवायचा, त्याला व्हेनिअर म्हणतात, असं सांगून तिने एकेक उचलून दाखवला. "यह पोर्सिलेन. लॅब में बनके आता है, बहुत सुंदर, पंद्रह साल भी चल जाता है. पर इसके लिए आपका दाँत आगे से थोड़ा घिसना पड़ेगा, और टूटा तो नया ही बनवाना पड़ता है. और यह कंपोझिट. मैं यहीं बैठे-बैठे भर दूँगी, दाँत छीलना नहीं पड़ेगा. चार-पाँच साल चलेगा, चाय का रंग पकड़ेगा, पर टूटा तो जोड़ सकते हैं."

"पोर्सिलेनच लावायचं," ऋताने विचारायच्या आधीच निकाल दिला. "बेस्टवालं."

"एक शर्त है," डॉक्टर म्हणाली. "धागा बंद. एक हफ़्ता बिना दाँत के सीकर देखिए, फिर तय करेंगे."

आता हा आठवडा कसा गेला, ते त्या मशीनलाच विचारा. ऋताने रिबिनीत कात्री ओवून आईच्या गळ्यात अडकवली. पहिल्या दिवशी ती कात्री नुसती लोंबत राहिली आणि दात आपलं काम करत राहिला. दुसऱ्या दिवशी ऋताने आईच्या तोंडाला मास्क बांधला. "आता तोड दोरा!" सरलाबाईंनी मास्कसकट चावला. तिसऱ्या दिवशी त्या इतक्या जपून शिवायला लागल्या की एका बाहीला दुपार गेली. सवय म्हणजे काय अंगावरचा सदरा आहे, काढला आणि खुंटीला टांगला? तरी त्यांनी नेट लावला. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकदाही दोरा तोंडाकडे गेला नाही. दिवेलागणीला ऋताच्याच शालूला फॉल लावून झाला, आणि कट्. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दवाखान्यात खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "डॉक्टर साहिबा, मैं फेल हो गई."

डॉक्टर हसली. "तो फिर?"

"तो फिर वह दूसरावाला. कंपोझिट."

"आई!" ऋताचा आवाज चढला. "प्रत्येक वेळी तू आपल्यासाठी कमीवालंच घेते. साडी कमीवाली, चप्पल कमीवाली. आता मी कमवते ना?"

सरलाबाईंनी तिचा हात धरून तिला जवळ ओढलं.

"कमी नाही गं, बिटिया. ऐकून तर घे. मी ब्लाउज शिवते तेव्हा आतल्या शिलाईत बोटभर कापड जास्त सोडते की नाही? माया ठेवते. बाई उद्या अंगाने भरली, तर उसवून सैल करता येतो. कापून टाकलेलं कापड कुणाच्या बापाला परत जोडता येत नाही. हा दात इतकी वर्षं आपल्यासाठी झिजला, आता त्याला आणखी कापू कशाला? आणि माझं शिवणं काही संपलेलं नाही. मला दुरुस्त होणारं पाहिजे."

 ऋताचे डोळे भरले होते, म्हणून ती भिंतीवरचा दात घासायचा तक्ता वाचत उभी राहिली.

तासाभरात काम झालं. डॉक्टरने आरसा हातात दिला. सरलाबाईंनी ओठ उघडले आणि बघतच राहिल्या. खाच नव्हती, उडालेला कोपरा नव्हता. लग्नाआधी असे होते दात, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. त्यांनी डॉक्टरचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "जुग-जुग जियो, बेटा," एवढंच त्यांना म्हणता आलं.

"आंटीजी, मेरे स्कूल के फेअरवेल का ब्लाउज आपने दो घंटे में सिया था," डॉक्टर म्हणाली. "आप भूल गई होंगी, मैं नहीं भूली. टूटे तो सीधे आ जाइए, दस मिनट का काम है."

लग्नाच्या दोन दिवस आधी पुण्याची मंडळी झाशीला उतरली. सरलाबाई स्टेशनवर गेल्या. येताना रिक्षात त्या हसायचा सराव करत होत्या. डब्यातून बकुळाताई उतरल्या, सरलाबाई पुढे झाल्या, हसल्या, आणि मेला तो हात! दात नवा, पण हात जुनाच ना. तो आपला पदर घेऊन तोंडावर हजर. बकुळाताईंनी कोरडा नमस्कार केला आणि सामान मोजायला वळल्या.

दुपारी त्या एकट्याच ओरछा गेटच्या घरी आल्या, हातात कागदी पिशवी घेऊन. विहिणीच्या मानाच्या साडीवरचा ब्लाउज सरलाबाईंनी मापावरून शिवून पुण्याला पाठवला होता. तो अंगात जात नव्हता.

"माप दिलं तेव्हापासून मी जरा सुटले असेन," बकुळाताई ताठ बसून म्हणाल्या. "राहू द्या. मी दुसरा काहीतरी घालीन."

"असं कसं राहू द्या? दहा मिनट बसा तुम्ही."

हातात कापड आलं की सरलाबाई निराळी बाई व्हायची. लाज नाही, संकोच नाही. त्यांनी दोन्ही बाजूंच्या शिलाया सरासरा उसवल्या, आतली माया मोकळी केली, नवी टीप मारली. हुक पुढे सरकवायला हवे होते, म्हणून सुई घेतली. डाव्या हातात पट्टी घट्ट धरलेली, उजव्यात सुई. पहिला हुक झाला. दोरा वर गेला. कट्.

काहीतरी जिभेवर आलं. सरलाबाईंनी ते तळहातावर घेतलं. तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा होता.

"काय झालं?" बकुळाताई पुढे वाकल्या.

सरलाबाईंनी मान वर केली. एका हातात ब्लाउज, दुसऱ्या हातात दाताचा तुकडा. तोंड झाकायला हातच उरला नव्हता. आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. पुन्हा उघडी पडलेली खाच तशीच दाखवत त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"अहो, तुमच्यासाठी बसवला होता हा!" त्या म्हणाल्या. "आणि तुमच्याच ब्लाउजपायी गेला."

मग सगळंच बाहेर आलं. दोऱ्यांची गोष्ट, साखरपुड्यातला पदर, मास्क, दवाखाना. "मला तुमचं घर पसंत नाही, असं वाटलं तुम्हाला. अहो, माझ्या पोरीला तुमच्यासारखं घर मिळालं म्हणून मी रोज देवाचे पाय धरते. पण हे तोंड घेऊन सांगणार कशी?"

 बकुळाताईंचा चेहरा उतरला.

"आणि मी घरी सगळ्यांना सांगत सुटले, विहीणबाई ताठ आहेत म्हणून," त्या हळूच म्हणाल्या. "आयुष्यभर पोरांचे चेहरे वाचले, आणि तुमचा वाचता आला नाही."

सरलाबाईंनी डॉक्टरला फोन लावला. सकाळी नऊला या, असं उत्तर आलं. हुक अजून सहा राहिले होते. त्यांनी सुईत दोरा ओवला.

बकुळाताई खुर्चीवरून उठल्या आणि मशीनपाशी सतरंजीवर येऊन बसल्या. तिथे पडलेली कात्री त्यांनी उचलली.

"आता दोरा तोंडाकडे न्यायचा नाही. कुठे कापायचं ते मला सांगा."

"अहो, तुम्ही मुलाकडच्या, तुम्ही असं खाली..."

"कुठे कापू, सांगा."

सरलाबाईंनी टाका घेतला, गाठ मारली आणि दोरा ताणून धरला. बकुळाताईंनी लांबून कापला.

"आणखी जवळून," सरलाबाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिकेने मुकाट्याने आणखी जवळून कापला. सहाही हुकांचे दोरे त्यांनीच कापले. शेवटचा झाल्यावर त्यांनी सतरंजीवर पडलेले दोऱ्याचे तुकडे एकेक वेचून मुठीत घेतले, आणि केराची टोपली कुठे आहे ते विचारलं.