डॉक्टर एल्डनचं गाढव

आमच्या ओहायोतल्या तळ्याकाठच्या बागेतलं मेरी-गो-राउंड बंद पडलं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते; ते पुन्हा उभं करायचं गावाने ठरवलं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. मधली सगळी वर्षं त्याचे घोडे गावाबाहेरच्या एका गोठ्यात वाळल्या गवताखाली पडून होते. १९१२ सालचे, हाताने कोरलेले. कुणाचा कान गेलेला, तर कुणाची शेपटी उंदरांनी खाल्लेली.

दर शनिवारी आम्ही सात-आठजण अग्निशमन केंद्राच्या मागच्या शेडमध्ये जमायचो आणि रंग खरवडायचो. वर तपकिरी, त्याखाली हिरवा, त्याखाली महायुद्धाच्या काळात मिळेल तो फासलेला राखाडी. सगळ्यांत खाली मूळचा रंग लागायचा. एका घोड्याच्या मानेवर लालभडक गुलाबांची माळ निघाली, तेव्हा माझ्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला पॉलिश पेपर मी पटकन बाजूला ठेवला आणि बोटाने पुसत बसले.

घोड्यांचे तुटलेले दात एल्डन क्राउस बसवायचा. चाळीस वर्षं गावाचा दातांचा डॉक्टर होता तो. म्हणायचा, "आयुष्यात पहिल्यांदा पेशंट आपणहून तोंड उघडं ठेवतायत!"

घोडे होते तीस, पण गोठ्यात सापडले एकोणतीस. तिसावा कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. व्हर्नेल स्टिट्झर या आजीबाईंच्या बैठकीच्या खोलीत. त्यांच्या नवऱ्याने, रॉस्कोने, तीस वर्षं ते यंत्र चालवलं होतं. बाग बंद झाली तेव्हा मालकाने त्याला एक घोडी भेट दिली होती. रॉस्को जाऊन सहा वर्षं झाली होती.

मी आणि एल्डन त्यांच्याकडे गेलो. घोडीच्या पाठीवर त्यांचा कोट टाकलेला होता.

"मागायला आलात ना?" व्हर्नेलबाई म्हणाल्या. "कॉफी घ्या, केक खा आणि चालते व्हा."

केक छान होता. बाहेर आल्यावर एल्डन म्हणाला, "मीच कोरतो एक. दात कोरले, घोडा काय अवघड आहे?"

चार महिने तो पटाशी घेऊन बसला. मग एका शनिवारी त्याने चादर ओढली. कान हातभर लांब, मान आखूड, आणि चेहऱ्यावर काहीतरी विसरल्यासारखे भाव.

"एल्डन, हे काय आहे?" मी विचारलं.

"घोडा."

"त्याला सांगितलंयस का तसं?"

ही बातमी गावभर झाली. पुढच्या शनिवारी व्हर्नेलबाई काठी टेकत शेडमध्ये हजर. त्यांनी ते जनावर पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मग रंगाच्या डब्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसू ओसरलं तशा उठून त्या बाकीच्या घोड्यांमधून हळूहळू फिरू लागल्या. गुलाबाच्या माळेपाशी थांबल्या.

"ही फुलं आम्ही कधी पाहिलीच नाहीत," त्या म्हणाल्या. "रॉस्को रोज सकाळी सगळ्यांना पुसायचा. खाली एवढं काही असेल हे त्यालाही माहीत नव्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझ्या घोडीच्या रंगाखाली काय असेल गं?"

"खरवडल्याशिवाय कसं कळणार?"

"मग उद्या ट्रक आणा. पण त्या गाढवालाही ठेवायचं."

"गाढव नाही ते!" एल्डन ओरडला.

"अरे बाबा, मी कौतुकच करतेय."

घोडी निघाली करडी, ठिपक्याठिपक्यांची, खोगिरावर निळे पक्षी. त्यातला एक पक्षी व्हर्नेलबाईंनी स्वतः रंगवला. हात थरथरायचा, म्हणून मी कोपर धरून बसायचे. गाढवाला जागा व्हावी म्हणून आम्ही चक्रावरचं बसायचं एक बाकडं काढून टाकलं.

जूनमध्ये चक्र सुरू झालं. वाजंत्रीची पेटी कर्कश वाजू लागली आणि मुलं तीस देखण्या घोड्यांना ओलांडून थेट गाढवापाशी रांगेत उभी राहिली. एल्डन प्रत्येकाला सांगत होता, "घोडा आहे हं तो." मुलं मान डोलवून गाढवावर चढत होती. अग्निशमनवाल्या दोघांनी व्हर्नेलबाईंना उचलून त्यांच्या घोडीवर बसवलं. "ही शेवटची फेरी," असं त्या चार वेळा म्हणाल्या.

त्यांच्या बैठकीत घोडीच्या जागी आता आरामखुर्ची आहे. तिथून खिडकीतून सगळं तळं दिसतं. चोवीस वर्षं ते घोडीच्या आड झाकलेलं होतं हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.