घरात कोण कोण

वरदानं कीबोर्डवरची बोटं उचलली आणि पुन्हा विचारलं, "घरात कोण कोण राहतं?"

मालविका जॅकेटची चेन वरखाली करत राहिली. विमानतळावरच्या दुकानातली शिफ्ट संपवून ती थेट आपली मुलगी पूर्वी हिच्या शाळेत आली होती. लंडनमधल्या हाउन्सलोच्या या शाळेच्या ऑफिसात मराठी बोलणारी वरदा एकटीच, म्हणून हेडटीचरनी तिलाच बोलायला सांगितलं होतं.

"पूर्वीला शाळेत फुकट जेवण तर मिळतंच की."

"ते सगळ्यांनाच मिळतं हो. पण कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं किती, त्यावर शाळेला सरकारकडून जादा पैसे येतात. जेवण मिळतंच, म्हणून लोक नावंच नोंदवत नाहीत. पूर्वीचा रीडिंग ग्रुप त्याच पैशांवर चालतो."

त्या ग्रुपमुळेच पूर्वी हल्ली बसमध्ये प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची.

"तुमचा एकटीचा पगार असेल तर नियमात बसतं," वरदा हळू आवाजात म्हणाली. "मिस्टरांचा धरला तर नाही."

"तो साउथहॅम्प्टनला असतो. जॉबसाठी. वीकेंडला येतो."

अनुप शेवटचा आला होता तो पूर्वीच्या वाढदिवसाला, तीन महिन्यांमागे. केक कापून झाल्यावर ट्रेनची वेळ बघत उठला होता.

"उद्या सांगितलं तर चालेल?"

संध्याकाळी पूर्वी टीव्हीसमोर बसल्यावर मालविकानं स्वयंपाकघराचं दार लोटून फोन लावला. शाळेचं सगळं नीट सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तर ते विचारतायत, तू इथे राहतोस का."

तो चिडेल, असं तिला वाटलं होतं. म्हणजे काय, माझं घर आहे ते, असं काहीतरी म्हणेल. दिवसभर ती त्याच वाक्याची वाट बघत होती.

"शाळेचा फायदा होत असेल, तर नाही सांग ना," अनुप म्हणाला. छत्री घेऊन जा म्हणावं, इतक्या सहज. "तसंही..."

"तसंही काय?"

"काही नाही. पूर्वी जेवली?"

"जेवली."

फोन ठेवून ती ओटा पुसायला लागली. मग पूर्वीनं हाक मारली, तशी बाहेर गेली.

सकाळी पूर्वीला वर्गात सोडून ती वरदासमोर येऊन बसली.

"दोघीच," ती म्हणाली. "मी आणि पूर्वी."

वरदानं टाइप केलं. स्क्रीनवर उत्तर लगेच आलं.

"झालं! बसतंय," ती आनंदानं म्हणाली.

"हे नंतर बदललं तर?"

"पगार?"

"नाही. घरातली माणसं."

वरदानं माउसवरचा हात काढून घेतला.

"तर मला येऊन सांगा. दोन मिनिटांचं काम आहे."

मालविकानं मान डोलावली. बाहेर आणखी एक आई ताटकळत होती, तरी ती खुर्चीतून लगेच उठली नाही.